ढिली फिन

चंद्रपूरच्या त्या कारखान्यात मी फिन मशीनवर होते. सावलीकडच्या धानाच्या गावातून आलेली, आयटीआय केलेली, मशीनवरची एकटी बाई. गरम वाफ, गरम तेल थंड करायच्या नळ्या आम्ही बनवायचो. लोखंडी नळी गरगर फिरायची, हत्यार तिच्यावर बारीक खाच पाडत जायचं, खाचेत अॅल्युमिनियमची पट्टी उभी बसायची आणि मागचा रोलर खाचेच्या कडा दाबून तिला घट्ट पकडायचा. हीच फिन. सगळी भिस्त पट्टीच्या ताणावर.

एकदा पट्टी सारखी तुटू लागली. पट्टीला ताण देणारा रिळाचा ब्रेक सुपरवायझरनं ढिला केला.

"भाऊ, फिन ढिली बसन," मी म्हणाले.

"तुले काय समजते? माल जाऊन राह्यला. चालव."

महिन्याभरात नळ्या परत आल्या. फिन बोटानं फिरत होती. मालकासमोर, सगळ्या कामगारांसमोर तो म्हणाला, "ब्रेक हिनंच ढिला केला." माझं कोणी ऐकलं नाही. मला मशीनवरून काढलं; वर्षभर मी मशीनखाली पडलेला धातूचा कीस झाडला. रोज त्याच्या पाठीकडे बघून मनात म्हणायची, थांब तू.

पुढे तपासणीचं काम शिकले आणि भद्रावतीजवळ, अशा नळ्या विकत घेणाऱ्या कंपनीत लागले. चार वर्षांनी तोच सुपरवायझर नळ्या घेऊन दारात उभा. आता त्याचं स्वतःचं छोटं वर्कशॉप होतं, हा पहिलाच मोठा माल. मला पाहून त्याचा चेहरा उतरला.

मी एका नळीचा तुकडा कापला, फिनचं टोक ताणकाट्याला अडकवून ओढलं. सुटलं. अशा वेळी आणखी दोन नळ्या तपासायच्या, त्या टिकल्या तर बाकीचा माल घ्यायचा, असा नियम.

"म्याडम, आणखी दोन पाहा ना."

"तवा ब्रेक कोनं ढिला केला होता? सगळ्याइसमोर सांगा."

माल उतरवणारे हमाल थांबले.

"मीच केला होता," तो खाली बघत म्हणाला.

मी ऐकून घेतलं आणि सगळ्या मालावर नापासचा शिक्का मारला.

"पण मी सांगतलं ना!"

"हो. ऐकलं मी."

संध्याकाळच्या एसटीत मला हसू आवरेना. शेजारच्या बाईनं विचारलं, "काऊन हसून राह्यली वो?" चंद्रपूर येईपर्यंत तिला सगळं सांगितलं. त्या दोन नळ्या घट्ट निघाल्या असत्या तर माल घ्यावा लागला असता, म्हणूनच मी त्या तपासल्या नाहीत, हेही सांगितलं.