दुकानात सगळ्यांना माहीत आहे

सलूनवाल्याच्या धंद्याचं एक तंत्र होतं: बोलत राहायचं. गिऱ्हाईक ऐकण्यात गुंतलं की मान हलवत नाही, आणि मान हलली नाही की वस्तरा लागत नाही. तंत्र सोपं, पण रोज नवा विषय आणायचा कुठून? राजकारण काढलं की दोन खुर्च्यांत जुंपायची. हवापाणी दोन वाक्यांत संपायचं. मग त्याला एक हुकमी विषय सापडला, आणि तो म्हणजे त्याची मुलगी.

दहावीत तिला गणितात बरे मार्क पडले. बरे म्हणजे नुसते बरे, फार चांगले नाहीत. पुढच्या दोन वर्षांसाठी शाळेत साधं गणित किंवा उच्च गणित, दोन्हींतलं एक निवडायचं होतं. मुलगी घरी विचार करत बसली होती आणि इकडे बापाने एका दाढीच्या भरात जाहीर करून टाकलं, "आमची मोठं गणित घेतेय!" उचलली जीभ, लावली टाळ्याला. संध्याकाळी घरी येऊन त्याने तिला सांगितलं, तेव्हा ती एवढंच म्हणाली, "तुम्ही सांगूनसुद्धा आलात?" आणि तेच घेतलं.

त्यानंतर विषयाला तोटा राहिला नाही. तिचं पुस्तक केवढं जाड, त्यात आकडे कमी नि अक्षरंच जास्त, सर तिच्यावर कसे खूश! सर खूश आहेत हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. पण फेस लावता लावता ते आपोआप तोंडून निघालं आणि पुढच्या गिऱ्हाइकापर्यंत त्याचं त्यालाही खरं वाटायला लागलं.

एक दिवस जेवताना मुलगी म्हणाली, "बाबा, मला हे गणित जमत नाही. सगळे सोडवतात, मी नुसतं फळ्यावरचं उतरवून घेते. अजून बदलता येतं, पण पालकांनी यायला लागतं. याल?"

त्याचा घास तोंडातच राहिला. आपण रोज दुसऱ्यांची हजामत करतो, आता गल्ली आपली बिनपाण्याने करणार, हे त्याला स्पष्ट दिसलं.

"थोडी कळ काढ गं," तो म्हणाला. "दुकानात सगळ्यांना माहीत आहे."

तिने ताटाकडे पाहिलं आणि परत तो विषय काढला नाही. बायकोने मात्र वाढताना भांडं जरा जोरात आपटलं. त्याला कळायचं ते कळलं, पण त्याने पाणी मागून वेळ मारून नेली. मनातून लाज वाटली. दुसऱ्या दिवशी दुकान उघडल्यावर ती जराशी कमी झाली, हेच वाईट झालं.

नंतर एका दुपारी शाळेला मधली सुट्टी असताना मुलगी त्याचा डबा घेऊन दुकानात आली. खुर्चीत निवृत्त पोस्टमास्तर बसले होते, केस कापून झालेले, दाढीचा एक गाल झालेला, एक फेसात.

"काय बेटा, मोठं गणित काय म्हणतंय?"

"मस्त, काका!" मुलगी म्हणाली. "काल तर सरांनी माझी वही अख्ख्या वर्गाला दाखवली. म्हणाले, बघा, असं सोडवायचं असतं."

तिने हात हवेत फिरवला, अगदी तो स्वतः फिरवतो तसा. आरशात त्याला ती दिसत होती. डोळ्यांखाली काळं, ओठांवर हसू, आणि बोलताना कुठे अडखळणं नाही. गप्पा मारत बाप दुसऱ्याचा वेळ घालवायचा. पोर मात्र बापाची अब्रू सावरत होती.

वस्तरा लागला. "आई गं!" पोस्टमास्तर ओरडले.

त्याने तुरटी फिरवली, टॉवेल त्यांच्या हातात दिला. मुलगी निघून गेली होती.

"साहेब, बसा जरा. आलोच."

"अहो, दुसरा गाल?"

"पोरीला गणित जमत नाहीये," तो म्हणाला. दुकानात त्याच्या तोंडून निघालेलं हे त्या वर्षातलं पहिलं खरं वाक्य असावं. "सर खूश वगैरे सगळं मीच रचलेलं. विषय बदलायला चाललोय."

शाळेत शिक्षकांच्या खोलीच्या दारात तो उभा राहिला, तेव्हा त्याच्या लक्षात आलं की अंगावर ॲप्रन तसाच आहे आणि त्यावर पोस्टमास्तरांचे पांढरे केस. गणिताचे सर चहा पीत होते. त्याने आपण कोण ते सांगितलं आणि साधं गणित मागितलं.

"हो हो, मिळेल," सर खुर्ची पुढे करत म्हणाले. "ती मागेच येऊन गेली. मी म्हटलं वडिलांना घेऊन ये, तर रडायलाच लागली. तुम्ही आजारी आहात म्हणाली, घराबाहेर पडता येत नाही. म्हणून मीही आग्रह धरला नाही, विषय बदलायचं तसंच राहिलं."

तो खुर्चीत बसला नाही. ॲप्रनवरचे केस झटकायला हात गेला आणि तिथेच थांबला.

सरांनी काळजीने विचारलं, "आता बरं वाटतंय ना?"