हरकत असेल तर माझ्यासमोर घ्या

"बाई, तुम्ही जरा बाहेर थांबा. तुमच्याबद्दलच बोलायचंय."

डॉक्टर म्हणाले आणि मी उठले. पाथर्डीच्या वाचनालयाची सभा, सगळ्यांच्या देखत. उठताना खुर्ची करकरली, तर त्यासाठीसुद्धा मीच ओशाळले. ओट्यावर येऊन चपलांच्या ढिगापाशी उभी राहिले. आत पंखा, आत चहा. तो चहासुद्धा सभेआधी मीच फिरवला होता. मला कोणी सांगितलं नव्हतं. ट्रे आला, सगळ्यांचे डोळे माझ्याकडे वळले आणि मी उठले. अशी मी जन्मभर उठत आलेय.

मी कोर्टासमोरच्या दुकानात मराठी टायपिंग करते. आईबाप दरवर्षी ऊस तोडायला जायचे. माझी शाळा अर्धी गावात, अर्धी कोल्हारकडच्या फडावर, म्हणजे बुडालेलीच. तरी दहावी झाले, टायपिंग शिकले. आम्ही बौद्ध. हे मी सांगितलं नाही तरी गावाचं नाव आणि आडनाव ऐकून माणसं आपलं आपण काय ते ओळखतात.

गेल्या वर्षी वाचनालयात संगणक आला. फोनची लाइन जोडली. तालुक्याचा ज्ञानकोश इंटरनेटवर चढवायचं ठरलं आणि दारावर पाटी लागली: "हा कोश सर्वांचा आहे. ज्याला माहिती आहे त्याने नोंद आणावी, ज्याला चूक दिसेल त्याने दुरुस्त करावी." खरं सांगते, त्या पाटीवर मी भुलले. सर्वांचा असं लिहिलेलं आणि त्या सर्वांत मीही, असं मी कुठे पाहिलं नव्हतं. दुकान बंद झालं की संध्याकाळी तिथे जाऊन बसायचे. लोक कागदावर नोंदी आणायचे, मी टाइप करायचे. देवळं, बाजार, ओढे, पुढारी, सगळा तालुका माझ्या बोटांखालून गेला. कोणी दमडी दिली नाही आणि मी मागितलीही नाही.

कोशाचे सांभाळकर्ते तिघे. डॉक्टर, एक वकील आणि मला चौथीत शिकवलेले गुरुजी. पासवर्ड या तिघांकडे. लिहिता कोणालाही यायचं, पण लिहिलेलं पुसणं आणि पुसलेलं परत आणणं फक्त त्यांच्या हातात.

माझ्या गावची नोंद आली. "गावात सर्व समाज गुण्यागोविंदाने नांदतात. गावच्या विहिरीला बारमाही पाणी असते." टाइप करताना माझी बोटं थांबली. त्या विहिरीवर आई काय करायची ते मला माहीत होतं, तरी घरी जाऊन तिला मुद्दाम विचारलं.

आई म्हणाली, "काय करायचो? उन्हात हांडा घिऊन बसायचो. कुनाला दया आली तर वरून वतायचं. न्हाई आली तर रिकामा हांडा घिऊन घरी. तू पोटात हुतीस तवा बी बसले मी."

मी तेवढंच लिहिलं. शिवी नाही, कोणाचं नाव नाही. बौद्धवस्तीला या विहिरीवर हात लावू देत नसत, बाया हंडा घेऊन वाट पाहत बसत. दोन दिवसांनी पाहिलं तर गायब. परत लिहिलं, परत गायब. गुण्यागोविंद मात्र जागच्या जागी.

गुरुजींना विचारलं, कोण पुसतं? ते इकडेतिकडे बघत म्हणाले, "ते सोड. वकिलांना आता वेळ होत नाही, जागा रिकामी होतेय. तू स्वतःहून नाव दे. सांभाळकर्ती झालीस तर तुझं कोण पुसणार?" मला पटलं. मला खुर्चीची हौस नव्हती. आईचं बसणं त्या कोशात राहायला हवं होतं, एवढंच. म्हणून सभेत हात वर केला.

तिथली रीत अशी, की जो नाव देतो त्याने बाहेर जायचं. मग आत एकेकाला विचारतात, "हरकत?" सगळे नाही म्हणाले तर नेमणूक. एकाने जरी हरकत घेतली तरी विषय संपला. आणि हरकत कोणाची, ते बाहेरच्याला सांगायचं नाही. मनं दुखावू नयेत म्हणून म्हणे! पण ओट्यावरची खिडकी बंद करायचं मात्र कोणाला सुचलं नाही.

"हरकत नाही." "हरकत नाही." "कामाची आहे पोरगी." माझ्या तोंडावर हसू आलं होतं. आज त्या हसण्याचीच सगळ्यात जास्त चीड येते.

मग डॉक्टरांचा आवाज. "काम चांगलं आहे, प्रश्नच नाही. पण तटस्थता नाही. आपण काढलेलं परत परत घालते. हिच्या हातात पासवर्ड दिला तर उद्या घराघरांतलं काय काय उकरून काढेल?"

कोणीतरी म्हणालं, "कोयता सुटला, पण हात तोच हाय." आणि सगळे हसले. ज्यांना मी घटकाभरापूर्वी चहा दिला होता ते सगळे.

मी गुरुजींच्या आवाजाची वाट पाहत होते. आला तो आवाज. "माझी तशी हरकत नाही. पण एकमत महत्त्वाचं."

डॉक्टरांचा मला राग आला. गुरुजींनी मला आतून जाळलं. नाव दे म्हणणारा माणूस, मी दाराबाहेर गेल्याबरोबर असा मऊ झाला.

मला आत बोलावलं. टेबलावर शाल आणि नारळ तयार होता. म्हणजे माझं काय करायचं ते हे लोक घरूनच ठरवून आले होते. डॉक्टर गोड हसले. "एकमत झालं नाही. पण तुमची सेवा आम्ही विसरणार नाही. तुम्ही आमच्या टंकलेखन विभागाच्या प्रमुख." त्या विभागात मी एकटीच होते.

मी नारळाला हात लावला नाही.

"हरकत कोणाची?" मी विचारलं.

"ते सांगायची रीत नाही."

"मी ऐकलंय, डॉक्टर. तुमच्या आजोबांची नोंद मीच टाइप केली. दानशूर, दीनांचे कैवारी, असं तुम्ही शेजारी बसून घालायला लावलंत. ती तटस्थ का?"

ते चिडले नाहीत. समजूत काढल्यासारखे म्हणाले, "बाई, ती माहिती आहे. तुम्ही लिहिता ते दुःख आहे. कोशात माहिती असते."

त्या वाक्याने माझे डोळे उघडले. तोवर मला वाटायचं, माझं लिहिणं कुठेतरी कमी पडतंय, आणखी मोजून, आणखी सौम्य लिहिलं तर राहील. छे. त्यांचा आजा माहिती आणि माझी आई दुःख, हे माझ्या जन्माआधीच ठरलेलं होतं. पासवर्ड फक्त आत्ता आला.

गुरुजी कुजबुजले, "बाळ, शाल घे. वाद नको."

"तुम्ही घ्या, गुरुजी. तुम्हाला गरज आहे," मी म्हणाले. त्यांनी मान खाली घातली. मला वाईट वाटलं नाही.

संगणक तिथेच होता. मी बसले, लाइन जोडली. मोडेमची ती कर्कश किंकाळी संपली. मी विहिरीची नोंद परत लिहिली. या वेळी आईचं नाव घातलं, कारण तिनेच सांगितलं होतं, "माजं नाव टाक. लाज त्यांना वाटू दे, मला कशाची?" खाली माझंही नाव घातलं. मग खुर्ची सरकवली.

"पुसा," मी म्हणाले. "माझ्यासमोर पुसा."

डॉक्टर पुढे आले नाहीत. पेनचं टोपण उघडत आणि लावत राहिले. सभा संपली म्हणून कोणीतरी जाहीर केलं आणि माणसं चपला शोधायला लागली. माझ्या पाठीमागे दुसऱ्या दिवशी ते पुसलं गेलं. मी परत लिहिलं. आजही पुसलंय. दुकान बंद झालं की जाऊन लिहीन. त्यांच्या आजोबांच्या नोंदी टाइप करणं मात्र मी सोडलं. चहा देणंही.

दोन हजार साल तोंडावर आलंय. पुढच्या महिन्यात पुन्हा सभा आहे, वकिलांची जागा अजून रिकामीच आहे. मी पुन्हा नाव देणार आहे. डॉक्टर पुन्हा म्हणतील, बाई, जरा बाहेर थांबा.

माझी आई विहिरीच्या बाहेर बसली, ते पुरे झालं. या वेळी मी खुर्चीवरून उठणार नाही. ज्याला हरकत असेल त्याने माझ्या तोंडाकडे बघून घ्यावी.