एवेलिओच्या पंपाचे उलटे आटे

आमच्या शेजारचा एवेलिओ कार्मेनाते पेशाने न्हावी, पण मातान्सास शहरातल्या आमच्या गल्लीत त्याला ओळखतात ते गाडीमुळे. गाडी त्याच्या वडिलांची. बाहेरून अमेरिकन, आतलं इंजिन रशियन, आणि बाकीचं जे मिळालं ते. एवेलिओ तिला ‘जाडी’ म्हणतो, आणि तिचा आवाज जरा बदलला की गिऱ्हाइकाची अर्धी दाढी तशीच सोडून उठतो.

या खेपेला जाडीच्या पाण्याच्या पंपातून धार लागली. त्याच्या बायकोने, मिग्दालियाने, लगेच गाडी विकत घ्यायला कार्देनास गावचं एक गिऱ्हाईक शोधलं आणि नवऱ्याला बजावलं, “रविवारी बाराला तो माणूस येतोय. तोवर सुरू झाली तर ठेव. नाही झाली तर गेली.”

“झाली म्हणून समज,” एवेलिओ म्हणाला. म्हणाला खरा, पण त्या रात्री नीट जेवला नाही.

शनिवारी त्याने रेडिएटरचं पाणी बादलीत काढलं, पट्टा सैल केला, पंखा उतरवला आणि बोल्ट सोडवून पंप सुटा केला. अंगणात धूळ उडते म्हणून तो थेट जेवणाच्या टेबलावर आणला. निघालेले बोल्ट ओळीने कॉफीच्या बशांत.

“एवेलिओ, त्या बशा माझ्या लग्नातल्या आहेत.”

“म्हणून तर. साध्या बशीतले बोल्ट हरवतात.”

रविवारी सकाळी घोडं अडलं. गळणारं सील बदलायचं तर दांडीच्या टोकाचा छोटा पंखा फिरवून काढायला हवा, आणि तो जागचा हलेना. समोरच्या ओस्मानीने पान्याला लोखंडी नळी लावून जोर केला. सायकलवरून पाव विकणारा माणूस पाव विकायचं विसरून आत आला. आमच्याकडे उघड्या इंजिनाजवळ कुणी नुसतं उभं राहत नाही.

“तापवून बघा,” पाववाला म्हणाला.

“तापवायला हा पंप काय कॉफी आहे?” एवेलिओ म्हणाला.

“मग रॉकेल सोडू,” ओस्मानी म्हणाला.

“पंपाला पाज, ओस्मानी! टेबलाला नको!” मिग्दालिया आतून ओरडली.

मी मिग्दालियाबरोबर स्वयंपाकघरात काळा घेवडा निवडत होते. दहा वाजून गेले. तिचा हात मंदावला होता, खडे तसेच पुढे जात होते. बाहेरचा गोंधळही थांबला. वाकून पाहिलं तर एवेलिओने पाना खाली ठेवला होता आणि पंपावरून नुसता हात फिरवत होता, शेवटची कात्री मारल्यावर गिऱ्हाइकाच्या डोक्यावरून फिरवतो तसा.

मिग्दालिया उठली, हात पुसले आणि दारात जाऊन उभी राहिली.

“उलट्या बाजूला फिरवा.”

“अगं वहिनी, जगभर असंच सुटतं,” ओस्मानी म्हणाला.

“जगभर सुटत असेल. ही दांडी सासऱ्यांनी उसाच्या शेतातल्या पंपाची काढून बसवलीय. उलट्या आट्यांची आहे.”

“तुला काय माहीत?” एवेलिओने विचारलं.

“माझ्या मधुचंद्रात बसवली, म्हणून माहीत! गाडीची काळजी वाटते म्हणून तुझे बाबा सोबत आले होते. रस्त्याकडेला बसून त्यांना पाने मी देत होते. तू झाडाखाली घोरत होतास.”

पाववाला हसता हसता खुर्चीतच बसला. ओस्मानीने पाना उलटा फिरवला. टक् झालं, आणि पंखा बरणीच्या झाकणासारखा निघून आला.

मग नुसती धावपळ. वॉशिंग मशीनचं सील घासून बसवलं. केकच्या खोक्याचा पुठ्ठा कापून, ग्रीस लावून पॅकिंग केलं. बशा रिकाम्या झाल्या, पट्टा चढला, बादली रेडिएटरमध्ये ओतली. जाडी खोकली, काळा धूर सोडला आणि सुरू झाली. आम्ही सगळे ओणवे होऊन खाली बघत राहिलो. जमीन कोरडी.

तेवढ्यात कार्देनासचा माणूस आला. “अरे, चालू आहे? मग आणखी जास्त देतो!”

एवेलिओने बायकोकडे पाहिलं.

“बाराच्या आत सुरू झाली,” ती म्हणाली. “विकायची नाही.”

“बाई, किंमत तरी ऐका!”

“ऐकून काय करू? गाडी गेली तर हा माझ्या फ्रीजचे बोल्ट सोडवेल.”

तो माणूस गेल्यावर एवेलिओने हळूच विचारलं, “तुला हे आधीपासून आठवत होतं?”

“कालपासून.”

“मग कालच का नाही सांगितलंस?”

“काल मला विकायची होती,” मिग्दालिया म्हणाली, आणि टेबल पुसायला फडकं तिने त्याच्या हातात दिलं.