दहा ते पाच, बंद न पडता

कॉम्प्युटरचं झाकण दर आठवड्याला उघडा, आत धूळ सापडतेच. आमच्या तिघांच्या किश्श्यांचं तसंच आहे. एक सांगून झटकावा, तर त्याच्या मागे दुसरा चिकटलेला असतो!

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. तासगावात तेव्हा कॉम्प्युटर म्हणजे एसी लावलेल्या खोलीत, चपला बाहेर काढून, लांबून बघायची वस्तू. त्या चपला काढण्याची मला भयंकर चीड! देवळात काढतो त्या पुरे झाल्या की. आम्ही ठरवलं, सुटे भाग आणायचे, कॉम्प्युटर स्वतः जोडायचा आणि हायस्कूलच्या पोरांच्या हातात द्यायचा. एसीबिसी काही नाही.

आम्ही म्हणजे तिघे. मी, नुकताच बी.एस्सी. झालेला आणि सगळं उद्या सकाळपर्यंत व्हायला हवं असलेला. नंदू, वडिलांच्या रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात वाढलेला. आणि मिलिंद, आमच्यातला एकमेव खरा हुशार. त्याची आई, तानूमावशी, बेदाण्याच्या शेडवर कामाला जायची.

*

सुटे भाग पुण्याहून आणले, एसटीनं. मदरबोर्ड आणि प्रोसेसरचं खोकं मिलिंदच्या मांडीवर. जागा मिळाली ती ड्रायव्हरच्या शेजारी, इंजिनाच्या बॉनेटला लागून. स्वारगेट सोडलं आणि दहा मिनिटांत मिलिंद उठून उभा राहिला.

"बस की रं, जागा हाय न्हवं?" कंडक्टर म्हणाला.

"सीट तापतीया."

"मग खोकं ठेव बॉनेटवर आन् तू मागं जा."

मिलिंदनं त्याच्याकडे असं बघितलं की कंडक्टरनं पुन्हा विषय काढला नाही. खंबाटकीचा घाट, सातारा, कराड, इस्लामपूर. पठ्ठ्या सगळा रस्ता खोकं छातीशी धरून उभा! उतरताना कंडक्टर हळूच मला म्हणाला, "तान्हं बाळ हाय काय रं त्यात?"

*

पहिली खोली मिळाली ती पिठाच्या गिरणीला लागून. भिंत अर्धीच, वर जाळी. पंधरा दिवसांत कॉम्प्युटर अर्ध्या तासाला गचकायला लागला. झाकण उघडलं तर प्रोसेसरवरचा चिमुकला पंखा फिरतच नव्हता. पंख्याखाली उष्णता काढून घेणारा ॲल्युमिनियमचा तुकडा असतो, त्याच्या फटी ज्वारीच्या पिठानं गच्च!

नंदूनं बोटानं पीठ काढलं, हुंगलं आणि म्हणाला, "गरम तर झालाच हाय. भाकरी थाप, मर्दा!"

खोली बदलली. पण त्या दिवसापासून कॅबिनेट, म्हणजे कॉम्प्युटरचा बाहेरचा डबा, कायम घट्ट बंद ठेवायचं ठरलं.

*

प्रोसेसर आणि ॲल्युमिनियम यांच्यामध्ये एक पेस्ट लावावी लागते, म्हणजे उष्णता नीट वर चढते. ती तासगावात नव्हती, सांगलीत नव्हती. नंदूनं बहिणीची कोल्ड क्रीमची डबी उचलून आणली.

"वेडा आहेस काय?" मी ओरडलो.

"बघ तरी."

चालली! वर एक अफाट सोय झाली. प्रोसेसर जास्त तापला की खोलीभर गुलाबाचा वास सुटायचा. आमच्याकडे तापमान मोजायचं काही साधन नव्हतं. आता नाक होतं. कुणी काम करत बसलं असलं की दुसरा दारातूनच ओरडायचा, "वास आला रं! सेव्ह कर!"

अशी युक्ती छापील पुस्तकात सापडायची नाही. मी नंदूला त्या दिवशी मनातल्या मनात सलाम ठोकला. बहिणीनं त्याला काय ठोकलं ते वेगळं.

*

माझे उपाय मात्र फार धडाडीचे असत. मार्चमध्ये ऊन तापलं तसं मी ओलं गोणपाट आणलं आणि कॅबिनेटला गुंडाळलं. माठ गार होतो, मग हा का नाही? बटण दाबलं आणि असा झटका बसला की मी थेट पलीकडच्या खाटेवर!

नंदूनं आधी मेन स्विच बंद केला, मग माझ्याकडे निवांत बघितलं. "कॉम्प्युटर न्हाई झाला. तू मातर गार झालास."

तरी मी थांबलो नाही. कॅबिनेटला दोन पंखे लावायचे होते, एक पुढे, एक मागे. मागचा हवा बाहेर टाकतो असं नंदू म्हणाला. मला ते पटेना. "अरे, गार हवा आत घ्यायची आणि लगेच फेकून द्यायची? दोन्ही आत वळव! दुप्पट वारा, दुप्पट गारवा!"

मिलिंद काहीतरी बोलणार होता. पण माझा आवाज मोठा होता.

*

हायस्कूलचे चेअरमन तात्या. मोठे द्राक्षबागायतदार. तानूमावशी ज्या शेडवर जायची ती शेड यांचीच. तिथे जाळ्यांवर द्राक्षं पसरून, बाजूला पडदे सोडून नुसत्या वाऱ्यावर वाळवतात. ऊन लागलं किंवा आतली हवा कोंडली की बेदाणा काळा पडतो. तात्यांचा बेदाणा मात्र हिरवागार, वर्षानुवर्षं. याचा त्यांना केवढा अभिमान! आम्ही शाळेत खोली मागायला गेलो तेव्हाही आधी अर्धा तास तेच.

"माझ्या शेडचा वाराच येगळा हाय बाबांनो. जागा मी निवडलीया." मग मुद्द्यावर आले. "तुमचं ते मशीन टिकतंय व्हय? शाळंचा एक आख्खा दिवस चालवून दावा. दहा ते पाच, बंद न पडता. खोली देतो, मिलिंदला मास्तर म्हणून ठेवतो. बंद पडलं तर विषय संपला."

मिलिंदच्या खिशात तेव्हा पुण्याच्या नोकरीचं पत्र होतं. जूनपासून हजर व्हायचं. त्याला जायचं नव्हतं. पण घरी पगार तर हवा होता. आमचं सगळं स्वप्न त्या एका दिवसावर आलं. कारण मिलिंद गेला तर शिकवणार कोण? मी? मी तर माठाला बटण शोधणारा माणूस!

*

तर तो दिवस. एप्रिल. शाळेची खोली, वर पत्रा. तात्यांनी टेबलावर घड्याळ ठेवलं, शेजारी खोलीची किल्ली ठेवली, आणि खुर्चीत बसले. मिलिंदनं पाढ्यांचा प्रोग्राम लावला. पडद्यावर आकडे धावत होते. ते थांबले की संपलं.

बारा वाजले. पत्रा तडतडायला लागला. साडेबाराला मला गुलाबाचा वास आला.

नंदूनं माझ्याकडे बघितलं. मी मिलिंदकडे. मिलिंद पडद्याकडेच. तात्या म्हणाले, "वास झ्याक येतोय. अत्तर मारलंय काय रं?"



एक वाजता जेवणाच्या सुट्टीत तानूमावशी आली, फडक्यात भाकरी बांधून. दारात थबकली. मला वाटलं, आता चपला काढते की काय. नाही काढल्या. सरळ आत आली, कॉम्प्युटरपाशी वाकली, मागे तळहात धरला, पुढे धरला, बाजूच्या पत्र्याला पालथी बोटं टेकवली. मग पदराच्या काठाचा एक जांभळा धागा दातानं तोडला आणि कॅबिनेटच्या मागच्या जाळीला बांधायला लागली.

माझं डोकंच फिरलं! आयुष्यभर ज्या अंधश्रद्धेविरुद्ध भांडलो ती इथे, कॉम्प्युटरला? "मावशी, हे विज्ञान आहे! इथे गंडेदोरे चालणार नाहीत!"

मावशीनं गाठ पुरी केली. मग माझ्याकडे बघितलं. "आमच्यात गंडं-दोरं कवाच बंद झालं, लेकरा. माझ्या सासऱ्यानं धर्म बदलला त्या दिशी समद्यांच्या गळ्यातलं तोडून टाकलं. धागा बघ माझा."

मी बघितला. धाग्याचं टोक जाळीतून आत ओढलं गेलं होतं. मावशीनं दुसरा धागा पुढच्या जाळीशी धरला. तोही आत.

"म्होरनं बी आत घेतंय, मागनं बी आत घेतंय," ती म्हणाली. "आन् सोडतंय कुठनं? आतल्या आत कोंडतंय की. आमचा माल अशानं दोन दिसांत काळा पडल."

मिलिंदनं एकदा माझ्याकडे बघितलं. रागानं नाही, तेच जास्त लागलं. मग त्यानं स्क्रू-ड्रायव्हर उचलला.

"चालू मशीनवर?" नंदू म्हणाला.

"बंद करता येतंय व्हय?"

झाकण काढलं तशी गरम वाफ तोंडावर आली, गुलाबाची. आकडे अडखळत होते. नंदूनं आतून मागचा पंखा धरला, मिलिंदनं बाहेरून एकेक स्क्रू काढला. फिरता पंखा नंदूनं हातातच उलटा केला. त्याचा हात एवढा स्थिर मी कधी पाहिला नव्हता. चार स्क्रू परत. झाकण परत. मावशीनं धागा सरळ केला आणि सोडला.

धागा बाहेर उडाला. आडवा, ताठ, थरथरत.

मावशी भाकरी ठेवून कामावर निघून गेली. आम्ही तिघे त्या धाग्याकडे बघत बसलो. दोन वाजता वास कमी झाला. तीनला गेला. आकडे धावत राहिले. एवढ्याशा धाग्यात एवढी विद्या मावते, हे मला तीन वर्षांच्या कॉलेजात कुणी सांगितलं नव्हतं.

पाच वाजता तात्या उठले. किल्ली उचलून मिलिंदच्या हातात ठेवली. पण घड्याळ तिथेच विसरले. ते मशीनच्या मागे जाऊन उभे राहिले, धाग्याकडे बघत. किती तरी वेळ. तेवढ्यात शेडवरून सुटून मावशी भाकरीचं फडकं न्यायला परत आली.

"तानूबाई," तात्या वळून म्हणाले, "आपल्या शेडला बी असला धागा बांधतीस काय गं?"

"बांधती की. दर खणाला, वर आढ्याला. वारा फिरला की पडदं फिरवती."

"कवापासनं?"

"आवं, पैल्या सालापासनं. तुमी वर कवा बघितलासा?"