लोकरीचं मेण

सासूचा विषय निघाला की अजून माझं डोकं फिरतं. फिरू दे. मी काही माफ केलेलं नाही तिला.

आई लवकर गेली, म्हणून माझं बाळंतपण सोलापुरात सासरीच झालं. पाचव्या दिवशी आबा, माझे वडील, मोहोळकडून मेंढ्या कातरून तडक आले. त्यांना नातू एकदा मांडीवर घ्यायचा होता, बास. कातरताना लोकरीचं मेण हाताला बसतं, पिवळट, चिकट, उग्र वासाचं. नुसत्या पाण्यानं ते हलत नाही. त्यानंच आबांचे हात कायम मऊ असायचे. माझ्या टाचा फुटल्या की ते कातरलेली लोकरच चोळायचे.

सासू दारातच आडवी आली. "व्याही, आधी हात धुवा. मेंढरांचा वास मारतोय." आबांनी तीनदा साबण लावला. प्रत्येक वेळी तिनं त्यांचे हात हुंगले. हुंगले हो, शिळी भाजी हुंगावी तसे! "राहू द्या. बाळाला जंतू लागतील. लांबूनच बघा." आबा चहा पिऊन परत गेले. मी आत पडून सगळं ऐकलं.

पुढच्या आठवड्यात पाजताना माझ्या छातीला चिरा पडल्या. बाळ तोंड लावायचं आणि मी ओरडायची. डॉक्टरीणबाईंनी मलमाची ट्यूब दिली. म्हणाल्या, "मेंढीच्या लोकरीचं मेण आहे, शुद्ध केलेलं. पाजताना पुसूही नका, बाळाच्या तोंडात गेलं तरी चालतं." सासू शेजारीच बसली होती.

घरात पाऊल टाकताच मी तोंड सोडलं. "आता कुठं गेले जंतू?"

"ते कंपनीचं असतं," म्हणे.

"कंपनीच्या मेंढ्या काय अत्तर लावून चरतात?"

अशी जुंपली आमची, की शेजारीण डोकावून गेली. मी सासूच्यादेखत आबांना फोन लावला. रविवारी या, नातू मांडीवर घ्यायचाय.

आबा आले. स्वच्छ सदरा, वास नावालाही नाही. सासू बाजूला झाली. मी बाळ पुढं केलं, तर त्यांनी हात पाठीमागं नेले. मी ओढून बघितले. सासूनं हुंगले त्या दिवसापासून आबा ते रोज धुण्याच्या सोड्यानं घासत होते. तळव्यांना भेगा पडलेल्या, बोटांची पेरं सोललेली.

"नगं बाय," आबा म्हणाले, "लई खरखरीत झाल्यात. पोराला टोचतील."