मथळ्यात नसलेलं राज्य

सुनंदाचा फोन आला तेव्हा मी बालाघाटच्या बाजारात होतो. “भाऊ, बाबा गेले,” एवढंच बोलली... त्याला आता महिना होत आला. तिचे बाबा म्हणजे माझा मामा. किरनापुरात बस थांब्यासमोर त्याचं सायकलदुरुस्तीचं दुकान. गोंदियाची बस आली की कंडक्टर मराठी पेपर दुकानात टाकायचा आणि मामा हातातला पाना ठेवून मथळे मोठ्यानं वाचायचा. पंक्चरसाठी थांबलेले ऐकायचे. आतली बातमी कोण वाचतो! आमची शाळा हिंदी. मराठी मी त्याच बाकावर शिकलो. आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेला मी पहिला, आणि त्यातला निम्मा मान मामाचा, हे मी छातीठोक सांगतो.

पण पेपर सीमेपलीकडचा, गोंदियाच्या राज्याचा आणि आम्ही अलीकडच्या हिंदी राज्यातले. ‘शाळांना उद्या सुटी’ असा मथळा यायचा, आणि आमची शाळा भरलेलीच असायची. लोक हसायचे, मामाही हसायचा. एकदा मात्र हसण्यासारखं राहिलं नाही. सुनंदाची बालाघाटला शिक्षक भरतीची परीक्षा होती. ती बसमध्ये चढून बसली, तेवढ्यात पेपर आला : ‘शिक्षक भरतीची परीक्षा पुढे ढकलली’. कुठल्या राज्याची ते आतल्या पानावर होतं. मामा धावतच गेला, तिची पिशवी स्वतः खाली घेतली.

“उतर बाई, परीक्षा पुढं गेली.”

“कोनं सांगतलं?”

“अवं, छापून आलं हाये!”

बस निघून गेली. संध्याकाळी शेजारची पोरगी परीक्षा देऊन परतली तेव्हा समजलं. पुढची भरती निघेपर्यंत सुनंदाचं वय निघून गेलं.

मामा मला घेऊन गोंदियाला पेपरच्या कचेरीत गेला. “मथळ्यात राज्याचं नाव टाकत जा ना, साहेब.” तिथला माणूस वाईट नव्हता. हसून म्हणाला, “काका, आमच्या वाचकाले ते सांगा लागत नाही.” परतताना मामा खिडकीबाहेर बघत होता. “इतकी वर्सं वाचून राह्यलो... मंग आमी कोन हावो बे?”

त्यानंतर त्यानं मोठ्यानं वाचणं सोडलं. त्या दिवसाबद्दल सुनंदाशी अवाक्षर काढलं नाही. फक्त तिच्या सायकलीत रोज, न सांगता, हवा भरून ठेवायचा. सुनंदाही कधी बोलली नाही.

तेरवी झाल्यावर सुनंदासोबत दुकानात गेलो. बाकावर पेपरच्या घड्या न उघडता पडलेल्या. कंडक्टर अजून टाकतोच आहे.

“बंद कराले सांगू काय?” मी विचारलं.

“राहू द्या जी.” मग बराच वेळ ती त्या घड्याच सारख्या करत राहिली... “मले बाबाचा राग होता, पन थोडेच दिवस. मंग गेला. सांगाचं राहून गेलं. त्याईले समजलं असन ना, भाऊ?”

शेवटच्या भेटीतही मामानं दाराकडे बघत, आवाज खाली करून मला तेच विचारलं होतं, “सुनी अजून रागात हाये काय रे?”