आयडेला प्रुइटची एक्कावन्न मिनिटं

आयडेला प्रुइटने सव्वीस वर्षं काउंटीचा ग्रेडर, म्हणजे पात्याने रस्ता खरवडणारं यंत्र, चालवला. आमच्याकडचे निम्मे रस्ते अजून मातीचे आहेत. लाल चिकणमाती. कोरड्या दिवसांत तिच्यावर पन्हाळी पत्र्यासारख्या वळ्या उठतात आणि पाऊस झाला की तीच माती चाक गिळते. त्या वळ्या खरवडायच्या, रस्ता मधे उंच आणि कडांना उतरता करायचा, म्हणजे पाणी चरात जातं. हे तिचं काम. उंच केबिनमध्ये बसलेली बारीक बाई, कानात कापूस. बायका कुंपणापाशी येऊन तिच्या हातात उकडलेल्या शेंगांची पुडी द्यायच्या. कुणाकडे मूल झालं, कुणाचा नवरा घर सोडून गेला, हे तिला पाद्र्याच्या आधी कळायचं.

ती राहायची स्वीटगम रस्त्यावर, आणि तो रस्ता ती सगळ्यांत शेवटी करायची. ‘स्वतःचं दार आधी झाडलं’ असं कुणी म्हणू नये म्हणून. आमच्या रस्ते खात्यात सगळेच असं करायचे. त्याचा आम्हाला अभिमान होता. आता तो मूर्खपणा वाटतो, पण तेव्हा अभिमान होता.

मी त्या खात्याच्या कचेरीत रेडिओवर बसायचो. म्हणून पुढचं मला ठाऊक आहे.

बारा वर्षांपूर्वी काउंटीच्या मंडळाने पहिल्यांदा पेनी आणली. पेनी म्हणजे दर डॉलरच्या खरेदीवर एक सेंट जादा कर, फक्त रस्त्यांसाठी, आणि लोकांनी मत दिलं तरच लागू होणारा. मंडळाचा अध्यक्ष रॉइस हेंब्री आयडेलाच्या शाळेतला, एकाच वर्गातला. त्याने यादी छापली. कोणत्या रस्त्यावर डांबर पडणार त्याची. स्वीटगम तिसरा होता. हेंब्रीच्या शब्दावर कुणी मत दिलं नसतं, ते आयडेलाच्या शब्दावर दिलं. सुट्टीच्या दिवशी ती दारोदार फिरली. पेनी अठ्ठ्याऐंशी मतांनी लागली.

मग यादी ‘सुधारली’ गेली. स्वीटगम खाली, आणखी खाली, आणि शेवटी कागदाच्या बाहेर. त्याच्या जागी तळ्याकडे जाणारा रस्ता आला, जिथे हेंब्रीच्या जावयाने प्लॉट पाडले होते. आणि त्या रस्त्यावर डांबराआधीचा मुरूम सारखा करायला माणूस कोण? आयडेला. हुकूम होता. ती गेली.

मार्चमधला मंगळवार. आठवडाभर पाऊस झाला होता. दुपारी दोन वाजून चार मिनिटांनी रेडिओवर अँब्युलन्सवाला बोलला, स्वीटगमवर ओढ्याजवळच्या खोलगट जागी गाडी रुतली आहे, कुणीतरी ओढायला पाठवा. कुठल्या पेशंटकडे निघालोय तेही त्याने सांगितलं. टॅलमज प्रुइट, आयडेलाचा नवरा, छातीत दुखतंय. तळ्याच्या रस्त्यावर आयडेलाच्या केबिनमध्ये तोच रेडिओ चालू होता.

तिने माईक घेतला. “मी निघते,” एवढंच म्हणाली.

हेंब्री त्या दिवशी कामावर देखरेखीला आला होता. त्याच्या ट्रकमध्येही खात्याचा रेडिओ होता. त्याचा आवाज मी ऐकला. “आयडेला, अग्निशमनवाले ओढतील त्याला. पाऊस येतोय, मुरूम भिजला तर सगळं वाया जाईल. एवढा पट्टा पुरा कर, मग जा.”

तोवर बावीस वर्षं जिने हुकूम मोडला नव्हता, तिने तो पट्टा पुरा केला. अकरा मिनिटं. मग ती निघाली. ताशी पंचवीस मैलांच्या वर न जाणारं यंत्र आणि सतरा मैल रस्ता. अग्निशमनची गाडी दुसऱ्या टोकाला पडलेल्या झाडामागे अडकली होती. आयडेला दोन पंचावन्नला पोचली. साखळी लावून तिनेच अँब्युलन्स बाहेर काढली. टॅलमज घराच्या पायरीवर बसलेला होता, बूट घालून, तयार. भिंतीला टेकून, श्वास थांबलेला.

एक्कावन्न मिनिटं. वेळा मीच टिपल्या होत्या.

तिने नोकरी सोडली नाही. आणखी चार वर्षं ग्रेडर चालवला, पेन्शन घेतली, कुणाला काही म्हणाली नाही. आम्हाला वाटलं, विसरली. माणसं गप्प बसलेल्या बाईबद्दल फार लवकर असं ठरवतात.

मागच्या वर्षी पहिल्या पेनीची मुदत संपत आली आणि हेंब्रीने दुसरी आणली. गावभर अंगणांत पाट्या लागल्या. ‘पेनीला हो.’ ‘पेनीला नको.’ एकाच अंगणात नवऱ्याची एक आणि बायकोची दुसरी, असंही दिसलं. हो म्हणणारे म्हणायचे, हायवेवर उतरणारे परकेही हा कर भरणार, फुकटचे रस्ते मिळतायत. नको म्हणणारे म्हणायचे, पोराच्या बुटांवर हेंब्रीलाही एक सेंट आणि त्याच्या मोलकरणीलाही एक सेंट, हा कुठला न्याय?

नव्या यादीत स्वीटगम पहिला होता.

ते सांगायला हेंब्री स्वतः आयडेलाच्या घरी आला. मी तिच्या नळाचा वॉशर बदलत होतो. त्याने बायकोने केलेला लोण्याचा केक आणला होता.

“पहिला नंबर, आयडेला. माझ्या हाताने घातलाय.”

“मागच्या वेळी कितवा होता?”

“तिसरा.”

“म्हणजे तीनपर्यंत मोजता येतं तुला.”

तो हसला. हसणं त्याला येत होतं. “तू माझ्या शेजारी उभी राहून एक फोटो दे. लोक तुझं ऐकतात. आणि हे बघ, टॅलमजलाही हेच हवं असतं.”

“टॅलमजला काय हवं होतं ते तू अकरा मिनिटं आधी विचारायचं होतंस.”

हेंब्रीने माझ्याकडे पाहिलं. मी पान्ह्याकडे पाहिलं. तो केक ठेवून गेला. आयडेलाने तो ताटलीसकट कोंबड्यांसमोर टाकला आणि त्या खात असताना हात बांधून बघत राहिली.

दुसऱ्या दिवसापासून ती पुन्हा दारोदार फिरायला लागली. मला वाटलं, मतं मागतेय. पण ती मिनिटं मागत होती.

मतदानाआधी कोर्टाच्या इमारतीत जाहीर सुनावणी होते. ज्याला बोलायचं त्याने नाव लिहायचं, प्रत्येकाला तीन मिनिटं. टेबलावर हिरवा, पिवळा, लाल असे दिवे. आणि आमच्या काउंटीत एक पद्धत आहे: आपली तीन मिनिटं दुसऱ्याला देता येतात. हा नियम हेंब्रीनेच पहिल्या पेनीच्या वेळी केला होता, त्याच्या इंजिनिअरला नकाशे दाखवत तासभर बोलता यावं म्हणून.

“मिस आयडेला, बोलणार काय तुम्ही?” मी विचारलं.

“तुझी तीन देतोस की नाही ते सांग.”

मी दिली. माझ्यासकट सोळा जणांनी दिली. ज्यांच्या दारासमोरून तिने इतकी वर्षं माती सारखी केली होती ते सगळे.

फक्त विलोडीन साइक्सने दिली नाहीत. ती स्वीटगमवरच, आयडेलाच्या पलीकडच्या घरात राहते. चाळीस वर्षांची मैत्री. मूत्रपिंडं गेली आहेत. सोमवार, बुधवार, शुक्रवार तिला डायलिसिसला न्यायला व्हॅन येते. रस्ता खराब असला की व्हॅनवाला ओढ्याच्या अलीकडूनच फोन करतो आणि परत जातो.

“माझी मिनिटं मला हवीत,” विलोडीन म्हणाली. “मी रस्ता मागणार आहे.”

“तो देणार नाही. मागच्या वेळी दिला?”

“नसेल दिला. या वेळी पहिला नंबर आहे. तुला त्या माणसाला पाडायचंय, पाड. पण मी ज्या फांदीवर बसलेय तिच्यावर का कुऱ्हाड घालतेस गं?”

आयडेला म्हणाली, “तुला नेईन मी. ट्रॅक्टरवरून न्यायची वेळ आली तरी नेईन.”

“मला ट्रॅक्टर नकोय, आयडेला. मला डांबर हवंय.”

सुनावणीला हॉल भरला होता. मंडळाचे पाच जण उंचावर, मधे हेंब्री. विलोडीन आधी बोलली. काठीवर रेलून, शांतपणे, दोन मिनिटांत. लोकांनी टाळ्या वाजवल्या. हेंब्रीने हात जोडल्यासारखे केले. तेवढ्यावरच पेनी लागली असती, असं मला वाटतं.

मग आयडेलाचं नाव पुकारलं. ती माईकपाशी गेली. रविवारचा निळा झगा आणि पायात कामावरचे बूट. हिरवा दिवा लागला.

ती बोललीच नाही.

एक मिनिट गेलं. लोक खोकले. पिवळा लागला. लाल लागला. कारकून बाईने यादीतलं पुढचं नाव वाचलं, “हॉइट गॅरिस, वेळ दिलेली,” आणि पुन्हा हिरवा लावला. हॉइट गॅरिस म्हणजे मी.

“मिस आयडेला,” हेंब्री गोड आवाजात म्हणाला, “बोलायचं असेल तर बोला, नाहीतर बसा.”

तिने त्याच्याकडे पाहिलं, एवढंच. काउंटीचा वकील नियमांचा कागद चाळत होता. शेवटी तो हेंब्रीच्या कानात पुटपुटला, पण माईक चालू होता. “मिनिटं तिची आहेत. बोललंच पाहिजे असं कुठे लिहिलेलं नाही.”

मागून कुणीतरी हसलं. “हेंब्री, तुझ्या इंजिनिअरपेक्षा बरी बोलतेय ही!”

तो हशा लवकर विझला. तिसरा लाल. चौथा हिरवा. त्यातली दोन मिनिटं सरली तेव्हा आयडेलाने मनगटावरचं घड्याळ पाहिलं आणि म्हणाली,

“रॉइस, आता मी निघाले.”

हॉलमध्ये कुणालाच काही कळलं नाही. टॅलमज कसा गेला हे सगळ्यांना ठाऊक होतं, अकरा मिनिटांचं माझ्याशिवाय कुणालाच नव्हतं. पण हेंब्रीला कळलं. त्याचा चेहरा खरवडलेल्या मातीसारखा झाला. आणि तो चेहरा बघून लोक एकमेकांना विचारायला लागले. माझ्या शेजारच्याने मला विचारलं, तू रेडिओवर होतास ना? मी सांगितलं. हळूच, एकालाच. ते रांगेतून पुढे गेलं, मागे गेलं. मी ते थांबवलं नाही. इतकी वर्षं ते माझ्याकडेही होतं.

मग चाळीस मिनिटं ती उभी राहिली. कारकून बाई नावं वाचत गेली, वेळ दिलेली, वेळ दिलेली. हेंब्रीने पाणी प्यायलं. उठायला गेला, तर दारापाशी उभे असलेले लोक बाजूला झालेच नाहीत. कुणी त्याला अडवलं असं म्हणता येणार नाही. ते फक्त उभे होते. तो परत बसला. मंडळावरच्या एका बाईने डोळे मिटून घेतले होते.

“आयडेला, पुरे गं!” विलोडीन ओरडली. तिचा आवाज फाटला. “पुरे आता!”

आयडेलाची मान हलली नाही. पण हात माईकच्या दांड्यावर घट्ट झाला, ते मी पाहिलं.

सतरावा लाल लागायच्या बेतात ती म्हणाली, “पोचले.” आणि खाली येऊन बसली.

पेनी दोनशे बारा मतांनी पडली. हेंब्री पुढच्या निवडणुकीला उभा राहिला नाही. अजून तो किराणा दुकानात दिसतो. आयडेला मुद्दाम त्याच्या रांगेत सामानाची गाडी ढकलत येते आणि विचारते, “किती वाजले, रॉइस?” दर वेळी. तो घड्याळ बघत नाही. एकदा तर सामान तिथेच टाकून निघून गेला. ते मला सांगताना ती हसली, सगळे दात दाखवून. तिला मी तसं हसताना आधी कधी पाहिलं नव्हतं.

स्वीटगमवर डांबर पडलं नाही. आता पडणारही नाही, आमच्या हयातीत तरी नाही. आयडेलाने टॅलमजच्या जुन्या ट्रॅक्टरला मागे पातं लावलंय. सोमवार, बुधवार, शुक्रवार, व्हॅन यायच्या आत ती रस्ता ओढून घेते. आता पहिल्यांदा स्वतःचाच. मग ट्रॅक्टर कडेला घेऊन व्हॅनला वाट देते. विलोडीन आत बसलेली असते, काच वर करून, समोर बघत.

फेब्रुवारीत तीन दिवस पाऊस झाला आणि व्हॅन त्याच खोलगट जागी रुतली. व्हॅनवाल्याने मला फोन केला, मी आयडेलाला. मी पोचलो तेव्हा ती चिखलात उताणी पडून साखळी अडकवत होती. एकाहत्तर वर्षांची बाई. ट्रॅक्टर दोनदा घसरला, तिसऱ्यांदा व्हॅन वर आली.

साखळी गुंडाळत ती व्हॅनजवळून जात होती तेव्हा काच चार बोटं खाली आली.

“त्याला पाडलंस ना?” विलोडीनने विचारलं. सुनावणीनंतर तिच्याशी बोललेली पहिलीच गोष्ट.

“पाडलं.”

“बरं वाटलं?”

आयडेलाने हाताचा चिखल झग्याला पुसला. “वाटलं.”

“अजून वाटतंय?”

“वाटतंय.”

विलोडीनने तिच्याकडे नीट पाहिलं, डॉक्टर पेशंटकडे बघतो तसं. “मग ठीक आहे,” ती म्हणाली. “निदान माझं डांबर फुकट तरी गेलं नाही.” आणि काच वर केली.

व्हॅन गेली. मी म्हटलं, “मिस आयडेला, घरी चला, भिजलाय तुम्ही.” तिने ऐकलं नाही. पातं खाली घेतलं आणि ती पुन्हा त्या खोलगट जागेवरून गेली, मधे उंच, कडांना उतरतं. ओली माती पात्याला चिकटून येत होती आणि मागे तशीच ओघळत होती. तिलाही ते दिसत असणार. ओल्या मातीवर पातं चालत नाही हे तिनेच आम्हाला शिकवलं होतं.